डायलिसिसच्या रुग्णाला व्हायरल ताप : जुनी फाईल सोबत आणा

घरात कोणी डायलिसिसवर असेल आणि त्याला कोविड किंवा फ्लू झाला, की पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हे वाढेल का?" प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये युरोपात कोविड झालेल्या डायलिसिसच्या रुग्णांपैकी साधारण पाचातला एक दगावला. आज लस आहे, औषधं आहेत, तरी या रुग्णांना धोका इतरांपेक्षा जास्तच.

उत्तर शोधायला सगळे नव्या रिपोर्टकडे धावतात. माझ्या मते मागच्या महिन्याचा रिपोर्टही तितकाच महत्त्वाचा आहे.

फेरिटिन, डी-डायमर ही नावं कोविडमुळे घरोघरी पोचली. आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर, असं आपण धरून चालतो. डायलिसिसच्या रुग्णात मात्र हे आकडे एरवीही वाढलेले असू शकतात. रक्त वाढावं म्हणून शिरेतून लोह देतात, त्यानंही फेरिटिन वर जातं. समजा फेरिटिन ७०० आलं. गेल्या महिन्यात ६५० असेल तर त्याचा अर्थ वेगळा, २०० असेल तर वेगळा. किडन्या धडधाकट असलेल्यांसाठी बेतलेले स्कोअर इथे सरळ लावता येत नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती वय, मधुमेह, हृदयविकार, कमी अल्ब्युमिन आणि रोज चढत जाणाऱ्या सीआरपीची.

तापाचं उलट. यातल्या अनेकांचं नेहमीचं तापमानच थोडं कमी असतं, आणि प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे ताप फारसा चढत नाही. "९९ च तर आहे" म्हणून घरी थांबू नका.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दम. दम लागला की घरचे म्हणतात, पाणी चढलं असेल, डायलिसिस झालं की उतरेल. बऱ्याचदा ते खरंही असतं! पण पाणी काढूनही दम तसाच राहिला, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, बीपी नेहमीपेक्षा पडू लागलं किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.

आणि संसर्ग झाला म्हणून डायलिसिस चुकवू नका. निघण्यापूर्वी सेंटरला फोन करून लक्षणं सांगा, म्हणजे त्यांना वेगळी सोय करता येते.