विमान उतरल्यानंतर

विमान उतरले की पाहुणा पोहोचला, असा घरच्यांचा समज असतो. मुंबईपुरता तरी तो खरा नव्हे. इंदूर-हैदराबादहून दीड तासात आलेल्या मनुष्यास सहारहून गिरगाव गाठावयास पुष्कळदा तितकाच वेळ टॅक्सीत काढावा लागे, आणि मीटरकडे पाहून जीव खालीवर होई तो निराळाच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो पूर्णत्वाने खुली झाली. सहार व सांताक्रूझ या दोन्ही टर्मिनलांलगत तिची स्थानके आहेत. पुढची नावे वाचून आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरास भरून येते: आचार्य अत्रे चौक, जगन्नाथ शंकरशेट, गिरगाव, काळबादेवी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्या कंपनीच्या संचालकांत नाना शंकरशेट होते.

आम्हां डोकमर्डीकरांचे काम याच स्थानकाशी. येथून मुंबई सेंट्रल पायी गाठता येते आणि वापीची गाडी मिळते. उत्तरेस जावयाचे तर आधी दक्षिणेस का जावे, बोरिवलीसच गाडी का धरू नये, असे तरुण मंडळी म्हणतील. त्यांनी खुशाल धरावी. पण बोरिवलीस गाडी दोन-चार मिनिटेच थांबते. तेवढ्यात सत्तरीच्या आजींनी दोन पेट्यांसह चढावे, ही अपेक्षा आम्हांस निष्ठुर वाटते. मुंबई सेंट्रलहून सुटणारी गाडी फलाटावर उभी तरी असते.

अडचण रात्रीची. परदेशाहून येणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात व तेव्हा मेट्रो बंद असते. अशा वेळी आतील खिडकीवर आगाऊ पैसे भरून टॅक्सीची पावती घ्यावी आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ती हातची सोडू नये. बाहेर पेटीस हात घालणाऱ्याशी बोलूच नये.

आमच्या एका सहशिक्षिकेच्या मातोश्री अलीकडे मस्कतहून एकट्या आल्या. मुलाने सारे पत्ते मोबाइलमध्ये भरून दिले होते. मोबाइलने सहारलाच मान टाकली. बाईंनी कनवटीचा कागद काढला. त्यावर स्थानकांची नावे व लेकीचा क्रमांक स्वहस्ते लिहिलेला होता. उजाडेपर्यंत त्या आतच बसल्या, मग मेट्रोने निघाल्या आणि दुपारी वापीस उतरल्या. लेक फलाटावर रडवेली उभी होती. मातोश्रींनी पहिला प्रश्न केला, "आज शाळा बुडवलीस होय ग?"