पहिले चोवीस बाइट
नेटवर्कवरची पॅकेटं टिपून ठेवलेली फाइल बहुतेक जण वायरशार्कच्या खिडकीतूनच पाहतात. माझा आग्रह आहे, ती एकदा तरी बाइट-बाइट वाचावी. टीसीपीडम्प या पॅकेटं टिपणाऱ्या साधनासोबत बर्कलीच्या प्रयोगशाळेत घडलेला अशा फाइलचा पीकॅप हा साचा इतका साधा आहे, की सहज पाठ होतो. सुरुवातीला २४ बाइटांचं शीर्ष, त्यात पहिले चार ए१ बी२ सी३ डी४. हे उलटे दिसले, तर फाइल लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचा लहान बाइट आधी लिहिणाऱ्या, यंत्रावर लिहिलेली. पुढे प्रत्येक पॅकेटाआधी १६ बाइट: सेकंद, मायक्रोसेकंद आणि दोन लांब्या. या लांब्यांवर माझा फार जीव आहे. एक सांगते प्रत्यक्षात किती टिपलं, दुसरी सांगते पॅकेट मुळात केवढं होतं. टीसीपीडम्प पूर्वी, वेगळं सांगितलं नाही तर, पॅकेटाचे बहुधा पहिले ६८ बाइटच ठेवत असे. पण कापलं किती, हे फाइल कधी लपवत नाही. मात्र पॅकेट कोणत्या इंटरफेसवरून आलं आणि किती पॅकेटं टिपायची राहूनच गेली, याला तिच्यात जागा नाही. ती जागा पीकॅपएनजी या नंतरच्या साच्याने दिली. टिपणं लिहायचीही सोय केली. २०१२पासून वायरशार्क, वेगळं सांगितलं नाही तर, त्यातच साठवतो. जुनी साधनं अडतात, तेव्हा पीकॅपची प्रत काढून द्यावी. मूळ फाइल मात्र पीकॅपएनजीतच जपावी, कारण रूपांतरात टिपणं आणि गळतीचे आकडे कायमचे जातात.