विश्लेषण : ‘मालेगाव’ कोणते, हे नकाशाला कोण सांगणार?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रमात राज्यातून नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशीम यांची निवड झाली. तेव्हापासून या जिल्ह्याची आकड्यांत मोजदाद सुरू आहे. निर्देशांक ४९. आरोग्य व पोषणाला ३० टक्के भार, शिक्षणाला ३०, शेती व जलसंपत्तीला २०, आर्थिक समावेशन व कौशल्याला १० आणि पायाभूत सुविधांना १०. जून २०१८ मध्ये नीती आयोगाने पहिली ‘डेल्टा’ क्रमवारी काढली. तेव्हापासून ‘आपला जिल्हा कितवा?’ ही बातमी होते. मात्र मानोरा तालुक्यातल्या माणसाला त्याच्या भागाचे चित्र या एका क्रमांकातून दिसत नाही. क्रमांक जिल्ह्याचा असतो, आणि पाणी, शाळा, दवाखाना गावाचा.

जिल्ह्याचे आकडे बैठकीच्या पडद्यावरून लोकांच्या मोबाइलवर आणण्याचे तंत्र आज सोपे आहे, बरेचसे फुकटही आहे. अडचण आहे ती ते कोणासाठी आणि किती काळजीने वापरायचे याची.

पानात तक्ता ‘बसवणे’ म्हणजे काय?

आकड्यांवरून आलेख, नकाशे तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ किंवा ‘बीआय’ म्हणतात. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ ही त्यातली ओळखीची नावे. सुपरसेट आणि मेटाबेस ही मुक्त स्रोत मंडळी. मूळ हेतू कंपनीच्या साहेबाला विक्रीचे आकडे दाखवण्याचा. आता तेच आलेख सरकारी संकेतस्थळांवर आणि बातम्यांत दिसतात.

बसवण्याची रीत अशी. सॉफ्टवेअर एक छोटा कोड देते, तो आपल्या पानात चिकटवायचा. त्यातून पानाला एक चौकट पडते, तिला ‘आयफ्रेम’ म्हणतात. घराच्या भिंतीला खिडकी पाडावी आणि तिच्यातून शेजाऱ्याचा टीव्ही दिसावा, तसे हे आहे. पान एका सर्व्हरवरून येते, खिडकीतला आलेख दुसऱ्या. तुम्ही ‘रिसोड’वर बोट ठेवले की त्या दुसऱ्या सर्व्हरला निरोप जातो, तो त्याच्याकडची माहिती चाळतो आणि फक्त रिसोडचा आलेख परत पाठवतो. छापलेल्या आलेखात संपादक दाखवेल तेच दिसते; इथे वाचक विचारेल ते दिसते. फरक एवढाच, पण मोठा.

याची गरज कुठे आहे? पावसाकडे पाहा

चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. त्यावर पंचनामा आणि मदतीचे पुढचे गणित अवलंबून असते. म्हणजे शेतकऱ्याला हवा असतो तो मंडळाचा आकडा. ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि कृषी विभागाच्या संकेतस्थळावर पावसाचे आकडे येऊ लागले. पण लोकांपर्यंत जे पोहोचते ते बहुतेकदा तालुक्याची सरासरी, आणि तीही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये किंवा तिच्या फोटोत.

सरासरी काय करते बघा. समजा, एका तालुक्यात सहा मंडळे आहेत. एका मंडळात ११० मिलिमीटर पाऊस झाला, उरलेल्या पाचांत प्रत्येकी १०. तालुक्याची सरासरी येते सुमारे २७. रंगीत नकाशात तो तालुका फिक्कट निळा दिसेल, ‘साधारण पाऊस’. आणि त्या एका मंडळातल्या शेतकऱ्याचे सोयाबीन पाण्याखाली असेल. त्याच नकाशात तालुक्यावर बोट ठेवताच मंडळे उघडली, मंडळावर बोट ठेवताच गेल्या दहा दिवसांचे आकडे आले, तर त्याला तलाठ्याकडे जाताना हातात काहीतरी असेल. बोटाने उघडणाऱ्या आलेखाचे खरे काम हे आहे. केवळ हलते म्हणून हलणारा आलेख कोणाच्याच उपयोगाचा नाही.

धरणांचेही तसेच. एकबुर्जी, सोनल, अडाण या जिल्ह्यातल्या मध्यम प्रकल्पांत आज किती टक्के साठा आहे हा आकडा कळतो. पण मागच्या वर्षी याच तारखेला किती होता, हे शेजारी दिसले तरच वाशीम शहरातल्या माणसाला उन्हाळ्याचा अंदाज येतो. शहराचे पाणी एकबुर्जीवर आहे. दोन रेषांचा साधा आलेख पुरे. त्याला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही, आणि ते घेतले म्हणून रेष अधिक खरी होत नाही.

मग घोडे अडते कुठे?

पहिले, नावांत. वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. आता सॉफ्टवेअरला नुसते ‘मालेगाव’ सांगा. ते नाशिक जिल्ह्यात जाऊन उभे राहण्याची शक्यता जास्त, कारण जगाच्या नकाशावर ते मालेगाव मोठे. ‘कारंजा’ सांगा, तर वर्धा जिल्ह्यातही एक कारंजा आहे, घाडगे यांचे; आपले लाडांचे. मंगरुळपीर इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि प्रत्येक खात्याच्या एक्सेलमध्ये त्याचे स्पेलिंग वेगळे. आरोग्य खात्याची यादी कृषी खात्याच्या यादीला जोडायला जावे तर दोन्हीकडे असलेला तालुका एकमेकांना सापडत नाही आणि नकाशात पांढरा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, इथे काही कामच झाले नाही.

यावर उपाय जुना आणि फुकट आहे. केंद्राच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला ठरलेला क्रमांक आहे. तो क्रमांक प्रत्येक खात्याने आपल्या तक्त्यात एका रकान्यात लिहिला की मालेगाव नाशिकला जात नाही. नवे सॉफ्टवेअर घ्यायची निविदा काढण्याआधी हा एक रकाना भरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्या डॅशबोर्डांची निम्मी दुखणी तिथेच बरी होतील. पण रकाना भरण्याचे उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. असो.

दुसरी अडचण तुमच्या हातात आहे, म्हणजे मोबाइल. हे आलेख मोठ्या पडद्यासाठी आखले जातात. पाच आलेख, दोन नकाशे, वर बटणांची रांग. तेच सहा इंचांच्या पडद्यावर आले की अक्षरे मुंगीएवढी होतात. पान खाली सरकवायला बोट लावावे तर नकाशाच सरकतो आणि वाचक तिथेच अडकतो. शिवाय खिडकीतला आलेख येण्याआधी त्याचा सगळा संसार, म्हणजे कोड, फॉन्ट, नकाशाच्या फरशा, डाउनलोड व्हावा लागतो. नेटवर्कची एकच कांडी असलेल्या गावात तेवढ्यात माणूस पान बंद करतो. टॅब्लोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलसाठी वेगळी मांडणी करायची सोय आहे. ती वापरायला अर्धा दिवस जास्त लागतो, आणि बैठक मोठ्या पडद्यावर असल्याने तो अर्धा दिवस कोणी देत नाही.

भाषेचे तर विचारूच नका. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये म्हटले आहे की, स्वतःहून जाहीर करायची माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात पोहोचण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग यांचा विचार करावा. वाशीमसाठी याचा अर्थ मराठी आणि मोबाइल. आलेखाचे शीर्षक मराठीत आणि आतले पर्याय इंग्रजीत, ही अर्धी मराठी त्या कलमात बसत नाही.

खिडकीतून घरातले सगळे दिसते का?

दिसू शकते, आणि सगळ्यांत जास्त भीती इथे आहे. पॉवर बीआयमध्ये अहवाल वेबवर सर्वांसाठी खुला करण्याचा पर्याय आहे. तो वापरला की लॉगिन लागत नाही. जगातला कोणीही अहवाल पाहू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सूचनांत याबाबत इशारा आहे: आलेखात फक्त बेरीज दिसत असली, तरी ती ज्या तपशिलावरून काढली तो तपशीलही उघड होऊ शकतो. आता कल्पना करा. ‘तालुकानिहाय लाभार्थी संख्या’ असा निरुपद्रवी स्तंभालेख आहे. त्याच्या मागे जोडलेल्या एक्सेलमध्ये नाव, मोबाइल क्रमांक, बँक खाते असे रकाने आहेत. वर दिसतात सहा स्तंभ, खाली उघडी पडते हजारो घरांची माहिती. ती पुढे कोणाच्या फोन-फसवणुकीला कामी येईल, हे सांगायला नको. टॅब्लो पब्लिकवर टाकलेले कामही नावाप्रमाणेच सार्वजनिक असते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची वाट न पाहता पाळण्याजोगा नियम साधा आहे. लोकांसाठीच्या आलेखाला मूळ यादी जोडायचीच नाही. आधी बेरजा करून वेगळी फाइल काढायची आणि फक्त तीच जोडायची. जे घरात आणलेच नाही ते खिडकीतून दिसणार नाही.

आणि शेजाऱ्याने टीव्ही बंद केला तर?

असे झाले आहे. गुगलचे ‘फ्युजन टेबल्स’ नावाचे फुकट साधन होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यावर नकाशे करून आपल्या पानांत बसवले. ३ डिसेंबर २०१९ रोजी गुगलने ते बंद केले आणि जुन्या बातम्यांतल्या खिडक्या रिकाम्या झाल्या. करोनाकाळात ज्याच्यावर आपण सगळे रोज नजर लावून बसायचो, तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्ड १० मार्च २०२३ रोजी थांबला. त्याच्या आधी ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतातल्या स्वयंसेवकांनी चालवलेला करोनाचा डॅशबोर्डही थांबला होता. यात त्यांचा दोष नाही. पण जिल्ह्याच्या नोंदी दुसऱ्याच्या सर्व्हरवर फुकटात ठेवायच्या तर मूळ फाइल आपल्याकडे हवी, आणि आलेखाशेजारी ती डाउनलोड करायचे बटणही हवे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर चालवता येते. मात्र त्याला सांभाळणारा माणूस लागतो. परवाना फुकट असतो, माणूस नसतो.

आलेख खोटे बोलतो का?

आकडा खरा असूनही बोलू शकतो. सोयाबीनचा हमीभाव घ्या: २०२३-२४ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये, २०२४-२५ मध्ये ४,८९२, २०२५-२६ मध्ये ५,३२८. दोन वर्षांत वाढ सुमारे १६ टक्के. स्तंभ शून्यापासून काढले तर तिसरा पहिल्यापेक्षा थोडा उंच दिसतो. तेच ४,५०० पासून काढले, तर पहिला स्तंभ १०० चा आणि तिसरा ८२८ चा होतो. भाव आठपट झाल्यासारखे वाटते! काही सॉफ्टवेअर पडद्यावर मावावे म्हणून अक्षाची सुरुवात स्वतःच ठरवतात, त्यामुळे करणाऱ्याच्या मनात काही नसतानाही हे घडते. आणि त्याच चौकटीत कारंजा किंवा रिसोड बाजार समितीत प्रत्यक्ष मिळालेला दर नसेल, तर हमीभावाचा चढता आलेख शेतकऱ्याच्या जखमेवर मीठच आहे.

म्हणून पुढच्या वेळी असा आलेख समोर आला की आधी डावीकडच्या अक्षाचा तळाचा आकडा पाहा, मग ‘शेवटचे अद्ययावत’ ही तारीख शोधा. तारीखच नसेल तर तो आलेख नुसता शोभेचा. लोकसंख्येवर आधारित आकडा असेल तर तो २०११ च्या जनगणनेवर काढला आहे का, हेही पाहा. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती.

नुसता फोटो मिळाला आणि फाइल मिळाली नाही, तर मागता येते. माहिती अधिकारात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. त्यात ‘मंडळनिहाय दैनंदिन पर्जन्यमान, एक्सेल फाइलमध्ये, ई-मेलने’ एवढे स्पष्ट लिहावे. ‘एक्सेल’ हा शब्द विसरू नका, नाहीतर उत्तरात पुन्हा पीडीएफच येईल.