गुत्त्याच्या गल्ल्यावर शाळा?

सर्जापूर रोडच्या दुतर्फा मद्याच्या दुकानांच्या आणि महागड्या शाळांच्या पाट्या एकमेकींशी स्पर्धा करीत असतात. तेथे राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरवर्गात अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. लोक दारू पिणारच, जुगार खेळणारच. मग त्यांच्यावर जबर कर बसवून त्या पैशावर सरकारी शाळा का चालवू नयेत? युक्तिवाद दिसायला गोंडस आहे. परंतु तो घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना नवी नाही, आणि तिचा अनुभवही नवा नाही. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण व अबकारी ही दोन्ही खाती प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आली. परिणाम असा झाला की, शाळा वाढवायच्या तर मद्याचे उत्पन्न हवे, आणि दारूबंदी करावी तर शाळांचे काय, हा पेच उभा राहिला. गांधीजींनी १९३७ साली ‘हरिजन’मधून या क्रूर विसंगतीवर बोट ठेवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत स्वावलंबी शिक्षणाची योजना मांडली. त्यांचा उपाय सर्वांस पटला नाही. निदान मात्र अचूक होते. त्याहून मागे जावे तर जोतीराव फुले दिसतात. १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांची वाढ होऊ लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद या नात्याने त्यांनी लेखी निषेध केला. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी तेच उभे राहिले. गुत्ता हटवावा आणि शाळा काढावी, या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकाच लढ्याच्या होत्या. आज आपण त्यांतील एकीला दुसरीची मोलकरीण करू पाहत आहोत.

कर्नाटकाचेच पाहा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात अबकारी उत्पन्नाचे उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपयांचे, तर शिक्षणाची तरतूद ४५,२८६ कोटींची. म्हैसूर सेल्स इंटरनॅशनल ही राज्य सरकारची कंपनी ‘लेखक’ व ‘विद्या’ या नावांच्या वह्या विकते, आणि मद्याची किरकोळ दुकानेही चालविते. एका हातात वही, दुसऱ्या हातात बाटली! आमच्या मित्रांना हेच नाते कायद्याने पक्के करून हवे आहे.

कर व्यसन आवरण्यासाठी असेल, तर यशस्वी होताच त्याचे उत्पन्न घटले पाहिजे. तो शाळेसाठी असेल, तर उत्पन्न दरसाल वाढले पाहिजे. म्हणजे पिणारे वाढले पाहिजेत. दोन्ही हेतू एकाच करात नांदणार कसे? पैशांच्या ऑनलाइन खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ दराने कर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळच बंद करणारा कायदा केला. या कराच्या उत्पन्नावर हजारो शिक्षकांचे पगार अवलंबून असते, तर त्या कायद्याला हात वर करण्याचे धैर्य किती सभासदांना झाले असते?

शिवाय हा पैसा येतो कोठून? रोजंदारी करणाऱ्याच्या घरातून, बहुधा त्याच्या बायकोने दडवून ठेवलेल्या डब्यातून. त्याच्या मुलाची शाळा त्याच मुलाच्या ताटातल्या भाकरीवर चालवायची, आणि वर त्यास सरकारचा उपकार म्हणायचे! आणि शाळेला तरी जास्तीचे काही मिळते काय? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने १९६४ साली शिक्षणासाठी सोडत सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. त्यांपैकी कित्येक ठिकाणी असे दिसून आले की, सोडतीचा पैसा आला तसा नेहमीच्या तिजोरीतला पैसा अन्यत्र वळला.

कोणी म्हणेल, मग दारूवर करच नको काय? अवश्य हवा, आणि जबर हवा. परंतु तो व्यसन मोडण्यासाठी असावा. त्याची सांगड शिक्षकाच्या पगाराशी घालू नये.

या युक्तिवादाचे खरे आकर्षण आम्हांस वेगळेच वाटते. तो आपल्यासारख्या पगारदारांस आवडतो, कारण त्यात आपला खिसा शाबूत राहतो. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाचा तिसरा हिस्सा स्थानिक संस्थांनी, उरलेला सरकारने द्यावा आणि त्यासाठी स्थानिक संस्थांना खास शिक्षणकर बसविता यावा, असे त्यांनी उघडपणे सांगितले. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. तत्त्व मात्र फेटाळता आले नाही. आज प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षणासाठी शेकडा ४ उपकर आपण देतो. तो वाढवावा लागला तर वाढवावा, आणि त्याचा हिशेब सरकारकडून पैन्पै मागून घ्यावा. शाळा ही समाजाची गरज आहे. तिची किंमत शुद्धीवर असलेल्या समाजाने द्यावी, झिंगलेल्या माणसाच्या खिशातून ती काढून घेऊ नये.