डिस्कॉर्डचा सर्वोत्तम अल्बम कोणता?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोंधळ नको. डिस्कॉर्ड म्हणजे घरोघरची कार्टी हेडफोन लावून ज्यावर रात्री-बेरात्री आरडाओरडा करतात ते ॲप नव्हे. ते आलं २०१५ साली. त्याच्या पस्तीस वर्षं आधी, १९८० मध्ये, वॉशिंग्टन डी.सी.मधल्या दोन पोरांनी या नावाची एक रेकॉर्ड कंपनी काढली आणि ती आजही चालू आहे. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन ही त्यांची नावं. कंपनीचा पत्ता वॉशिंग्टनचा, पण पोरं राहायची आणि कारभार चालायचा तो पोटोमॅकच्या अलीकडे, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमधल्या एका भाड्याच्या घरातून. आपली निम्मी मराठी मंडळी रोज ज्या रस्त्यांवरून ऑफिसला जातात त्यांच्यापासून हे घर फार लांब नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत हा विषय काढला तर लोक मोदक हातात घेऊन काढता पाय घेतात, ते सोडा.

रॉकच्या नादी लागलेल्या लोकांत मात्र हा वाद फार जुना आहे: डिस्कॉर्डचा सर्वोत्तम अल्बम कुठला? ठरलेली उत्तरंही आहेत. माझं उत्तर त्यातलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. लेखकाचं सर्वोत्तम पुस्तक आणि प्रकाशकाचं सर्वोत्तम पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पु. लं.ची पुस्तकं कुणीही छापली असती आणि कुणीही खपवली असती. पण १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांची 'कोसला' छापणं हे रा. ज. देशमुखांचं कर्तृत्व होतं. त्या पुस्तकात लेखकाइतकंच प्रकाशकाचं काळीज दिसतं. रेकॉर्ड कंपनीलाही हाच न्याय लावायचा. नुसती गाणी किती चांगली हे बघायचं नाही. ही कंपनी नसती तर हा अल्बम असा झाला असता का, हेही विचारायचं.

त्यासाठी ही कंपनी काय चीज आहे ते थोडं सांगतो. मॅकाय आणि नेल्सन शाळकरी वयात टीन आयडल्स नावाच्या बँडमध्ये होते. बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले काहीशे डॉलर डब्यात शिल्लक होते. चौघांत वाटून घेण्याऐवजी त्या पैशातून त्यांनी स्वतःची आठ गाण्यांची छोटी तबकडी काढली. डिस्कॉर्डचा क्रमांक एक तो. पाकीट कसं बनवतात हे माहीत नव्हतं, म्हणून एका इंग्लिश तबकडीचं पाकीट चिकटवलेल्या कडांनी उलगडलं, सपाट केलं, त्यावरून आकार काढला आणि छापून आणलेले कागद घरी बसून कापून, दुमडून, डिंकाने चिकटवले. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्याचे बरे पैसे मिळतात. यांनी ते हजारो पाकिटांवर फुकट केलं.

पुढचे नियम यातूनच आले. बँड शक्यतो याच शहरातले आणि आसपासचे घ्यायचे. करारपत्र नाही, सगळं तोंडी. खर्च वजा जाऊन उरेल ते वाटून घ्यायचं. दुकानदाराने किंमत वाढवू नये म्हणून पोस्टाने मागवल्यास किती पडेल ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूलाच छापायचं. मॅकायच्या पुढच्या बँडने, फुगाझीने, यात आणखी भर घातली: तिकीट पाच डॉलर (पुढे काही ठिकाणी सहा-सात झालं), कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, आणि टी-शर्ट वगैरे काही विकायचं नाही. कार्यक्रमात कुणी धक्काबुक्की करू लागला तर गाणं थांबवून, लिफाफ्यात पाच डॉलर घालून त्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा! (टी-शर्ट नाही म्हटल्यावर भलत्याच कुणीतरी 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असं छापलेले शर्ट विकले. अमेरिकेत धंदा थांबत नाही.)

आता उमेदवार.

पहिला मायनर थ्रेटचा 'आऊट ऑफ स्टेप', १९८३. वीस-बावीस मिनिटांत संपणारा हा अल्बम अमेरिकन हार्डकोरचा ओनामा मानला जातो. याच बँडच्या १९८१ सालच्या पाऊण मिनिटाच्या एका गाण्यातून 'स्ट्रेट एज' ही न पिणाऱ्या, न ओढणाऱ्या पोरांची चळवळ जगभर गेली. पाऊण मिनिटात चळवळ! आपल्याकडे तेवढ्या वेळात प्रमुख पाहुण्यांचं नावही पूर्ण होत नाही. जोर, स्वच्छता, नेमकेपणा, सगळं यात आहे. पण तेव्हा असं जोराचं संगीत लॉस एंजेलिसमध्येही निघत होतं, बॉस्टनमध्येही. तो त्या काळाचा अल्बम आहे. डिस्कॉर्डला अजून डिस्कॉर्ड व्हायचं होतं.

दुसरा राइट्स ऑफ स्प्रिंगचा त्याच नावाचा अल्बम, १९८५. या उमेदवाराबद्दल माझ्या मनात फार हळवा कोपरा आहे. हार्डकोर तोवर नुसत्या मारामारीचं निमित्त झालं होतं. तेव्हा याच मंडळींतल्या काहींनी ठरवलं की वेग तोच ठेवायचा, पण रागाऐवजी रडू आलं तरी चालेल. गाय पिचोटो या अल्बमभर गळा फाटेस्तोवर गातो आणि खाली ब्रेंडन कॅन्टीचा ड्रम अक्षरशः धावतो. पुढे 'इमो' म्हणून जे काही जगभर बोकाळलं त्याचं मूळ लोक इथे शोधतात. खुद्द पिचोटोला तो शब्द कधी मानवला नाही. बँड विसाच्या आतच कार्यक्रम करून मोडलाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीने इतक्या थोड्या आयुष्याच्या बँडला हात लावला असता असं वाटत नाही. माझ्या कसोटीवर हा जवळजवळ उतरतो. जवळजवळ म्हणतो, कारण यात कंपनीची फारशी परीक्षा झाली नाही. गमावण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

तिसरं उत्तर सर्वांत लोकप्रिय: फुगाझीचा 'रिपीटर', १९९०. मॅकाय, पिचोटो, कॅन्टी आणि बासवर जो लॅली. ('थर्टीन साँग्ज' आवडणारे खूप आहेत, पण ते दोन छोट्या रेकॉर्ड जोडून केलेलं संकलन आहे, म्हणून बाद.) 'रिपीटर'मध्ये दोन गिटारी एकमेकींवर चढत नाहीत. एक बोलते तेव्हा दुसरी कोपऱ्यातून किंचाळते. लॅलीचा बास रेगेतून आलेला, संथ आणि ठाम. वॉशिंग्टनला तेव्हा खुनांची राजधानी म्हणत, तो काळ त्यात ऐकू येतो. कुणी मला एकच अल्बम सुचव म्हटलं तर मी आजही हाच सुचवतो. मग हाच सर्वोत्तम का नाही? सांगतो, पण आधी विरुद्ध बाजू मांडू दे.

स्वतंत्र कंपनी म्हणजे आपोआप चांगलं संगीत, असं मानणारे लोक असतात. हे सोवळं मला मान्य नाही. १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' खपला आणि मोठ्या कंपन्या चेकबुक घेऊन अशा बँडांच्या दारात उभ्या राहिल्या. डिस्कॉर्डचे जॉबॉक्स आणि शडर टू थिंक हे दोन बँड अनुक्रमे अटलांटिक आणि एपिक या बड्या कंपन्यांकडे गेले. १९९४ साली दोघांचे अल्बम आले: जॉबॉक्सचा 'फॉर युअर ओन स्पेशल स्वीटहार्ट' आणि शडर टू थिंकचा 'पोनी एक्स्प्रेस रेकॉर्ड'. आणि हे दोन्ही अल्बम त्यांच्या डिस्कॉर्डवरच्या अल्बमांपेक्षा सरस आहेत, अगदी स्पष्ट सरस. मोठा स्टुडिओ, जास्त वेळ, जास्त पैसा यांचा उपयोग होतो. होत नाही असं म्हणणारा कधी स्टुडिओचं भाडं भरून आलेला नसतो. दोन्ही बँड काही वर्षांतच मोडले ही गोष्ट वेगळी. डिस्कॉर्डने मात्र त्यांना 'गद्दार' ठरवलं नाही. करारच नव्हता, तर मोडणार काय? पुढे २००९ मध्ये जॉबॉक्सचा तो अटलांटिकवरचा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा त्यावर बँडच्या स्वतःच्या डीसोटो या कंपनीबरोबर डिस्कॉर्डचंही नाव होतं. सासरी न रमलेली लेक माहेरी आली आणि कुणी टोमणा मारला नाही, असं.

आता खरी परीक्षा. १९९३ मध्ये फुगाझीचा 'इन ऑन द किल टेकर' आला. शिकागोला स्टीव्ह अल्बिनीकडे केलेलं ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून त्यांनी तो आर्लिंग्टनला, डॉन झिएन्टाराच्या इनर इअर स्टुडिओत टेड नाइसलीबरोबर पुन्हा मुद्रित केला होता. जाहिरात जवळजवळ नसताना तो बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेत गेला. मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली आणि नाकारली गेली. पुढच्या वर्षी ग्रीन डेचा 'डूकी' आला आणि पंकमध्ये लाखोंनी पैसा आहे हे सिद्ध झालं. अशा वेळी फुगाझीने पुढे काय करावं, हे कुठल्याही व्यवस्थापकाने झोपेत सांगितलं असतं: 'किल टेकर'च करा, थोडा गोड करून.

त्यांनी १९९५ मध्ये 'रेड मेडिसिन' केला. माझं उत्तर हे.

या वेळी बाहेरचा निर्माता घेतलाच नाही. इनर इअरमध्येच, स्वतःच्या हाताने. सुरुवातीला आपली गाडी बिघडली की काय असं वाटावं असा खरखराट, आणि त्यातून एकदम उसळणारी गिटार. 'बेड फॉर द स्क्रेपिंग'सारखं जुन्या चाहत्याला नाचवणारं गाणं आहे, पण त्याच्या आसपास भलतेच उद्योग: 'व्हर्जन' या शब्दांविना तुकड्यात पिचोटो चक्क क्लॅरिनेट वाजवतो आणि खाली डबचा बास फिरत राहतो. 'बाय यू'मध्ये लॅली गातो, पुटपुटल्यासारखा. त्याच्याकडून तोवर कुणी अल्बमवर मुख्य गायन ऐकलं नव्हतं. 'टार्गेट'मध्ये तर तरुणांचा राग कसा बाजारात मांडला जातो यावरच बोट ठेवलंय, आणि तेही अल्बममधल्या सर्वांत गुणगुणण्याजोग्या चालीवर. शेवटचं 'लाँग डिस्टन्स रनर' घाई न करता संपतं. तेरा गाणी. काही फसलेली वाटतील, मलाही दोन वाटतात. पण हा अल्बम दुसऱ्या कुठल्याही दारातून बाहेर पडू शकला नसता. मोठ्या कंपनीत कुणीतरी विचारलं असतं, "क्लॅरिनेट कशाला?" छोट्या पण भुकेल्या कंपनीतही विचारलं असतं, कारण तिथे एका अल्बमवर सगळ्यांचे पगार असतात. इथे विचारणारा कुणी नव्हता. तिकीट पाच डॉलर, खर्च बेताचा, कर्ज कुणाचं नाही. ते नियम बाहेरून व्रतवैकल्यांसारखे दिसतात. प्रत्यक्षात ती चोख आर्थिक रचना होती. खर्च इतका खाली ठेवायचा की कुणाला खूश करायची गरजच उरू नये. हे गणित 'रेड मेडिसिन'मध्ये ऐकू येतं, 'रिपीटर'मध्ये येत नाही. 'रिपीटर' उत्तम आहे, पण त्या वेळी त्यांना कुणी मोहात पाडायला आलेलं नव्हतं.

"मग 'द आर्ग्युमेंट' का नाही?" असं माझा एक मित्र दर वेळी विचारतो. २००१ सालचा तो शेवटचा अल्बम, आणि फुगाझीचा सर्वोत्तम अल्बम तोच, हे मी बिनतक्रार मान्य करतो. पण सहा वर्षं आधी 'रेड मेडिसिन'ने वाट मोकळी केली नसती तर तिथवर पोचणं नव्हतं. बँडचा सर्वोत्तम 'द आर्ग्युमेंट', कंपनीचा सर्वोत्तम 'रेड मेडिसिन'. फरक तोच, लेखकाचा आणि प्रकाशकाचा.

सगळी यादी फुगाझीने खाऊन टाकू नये म्हणून आणखी दोन नावं. स्लँट सिक्स या तीन बायकांच्या बँडचा 'सोडा पॉप रिप ऑफ' (१९९४): डिस्कॉर्डच्या यादीत बायका फार कमी, ही तक्रार रास्तच आहे, आणि हा अल्बम ऐकला की ती आणखी रास्त वाटते. दुसरा लंगफिश. हे बाल्टिमोरचे, म्हणजे नियमाला थोडा अपवाद. एकच गिटारची ओळ, गाणं संपेपर्यंत तीच, आणि वर डॅनियल हिग्ज कीर्तनकारासारखा बोलत सुटलेला. 'इंडिव्हिजिबल' (१९९७) ऐका. नामस्मरणात वाढलेल्या माणसाला हे संगीत कळायला अडचण पडू नये. पंधरा वर्षं जवळजवळ एकच गाणं म्हणणाऱ्या या लोकांचे अल्बम डिस्कॉर्डने एकापाठोपाठ एक काढले. हेही त्याच गणितात बसतं.

आम्ही लोक ऑफिसात दिवसभर 'स्केल' हा शब्द जपतो. एक शहर, एक स्टुडिओ, तोंडी व्यवहार: ही गोष्ट स्केल होत नाही, असं कुणीही कन्सल्टंट सांगेल. बरोबर सांगेल. इनर इअरची ती इमारत २०२१ मध्ये काउंटीने विकत घेतली आणि स्टुडिओला तिथून निघावं लागलं. रेकॉर्ड मात्र अजून छापल्या जातात, आणि फुगाझीच्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं २०११ पासून इंटरनेटवर विकायला ठेवली आहेत. सुचवलेली किंमत, एका कार्यक्रमाला पाच डॉलर.

'रेड मेडिसिन' ऐकायचा असेल तर सुरुवातीचा खरखराट पुढे ढकलू नका. गाडी ठीक आहे.