कार्ड सासरी, प्रसूती माहेरी

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला सातव्या महिन्यात माहेरी आणण्याची आपली रीत ममतेतून आलेली आहे, आणि तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याची माझी इच्छा नाही. परंतु सासरच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासले जावे, त्याचा निष्कर्ष तेथल्याच दप्तरात पडून राहावा आणि प्रसूती मात्र चार तालुके ओलांडून अशा रुग्णालयात व्हावी, की जेथे त्या निष्कर्षाची वार्ताही नाही, ही गैरव्यवस्था हिपॅटायटिस बीच्या बाबतीत नवजात अर्भकाला जन्मभर भोवू शकते.

या विषाणूची वाहक असलेल्या गर्भवतीला बहुधा कसलाच त्रास जाणवत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, अन्नावरची वासना उडत नाही, आणि म्हणून तपासणीवाचून तो ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. प्रौढ वयात लागण झाली तर बहुतेकांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. जन्मवेळी मातेकडून लागण झालेल्या अर्भकांपैकी मात्र सुमारे ९० टक्के त्याची दीर्घकालीन वाहक होतात, आणि पुढे ऐन कर्तेपणी त्यांतील कित्येकांना यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग गाठतो. ज्या शोधामुळे ही तपासणी शक्य झाली, त्याबद्दल बरूच ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, आणि २०१८ साली त्याच तारखेला आपल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. साधन, कार्यक्रम आणि मोफत लस ही सर्व हाताशी असताना एका कागदावाचून काम अडावे, याचा मला मनापासून खेद होतो.

जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची लस प्रत्येक बालकाला मिळावी, असा सरकारी दंडकच आहे. मात्र बाधित मातेच्या बालकाला या लसीच्या जोडीने इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही हवे असते, ते महाग असते, लहान गावी आयत्या वेळी हाती लागेलच असे नाही, आणि मातेच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल तर तिला शेवटच्या तिमाहीत औषध सुरू करावे लागते. ही सारी तजवीज निष्कर्ष आधी ठाऊक असेल तरच होणार. माहेरवाशिणीची ही कथा, तर दिवाळीच्या सुमारास बीडहून कोयता घेऊन परजिल्ह्यातील कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या गर्भवतीची अवस्था काय वर्णावी!

तेव्हा माता व बाल संरक्षण कार्डावर हा निष्कर्ष स्पष्ट नोंदवावा, आणि गाव सोडताना ते कार्ड सोबत आहे की नाही, हे आशाताईंनी पाहावे. कार्ड सासूबाईंच्या हाती पडेल आणि सुनेवर बोल येईल, ही धास्ती खोटी नाही; तिच्यावरील इलाज निष्कर्ष दडविणे हा नव्हे, तर घरच्यांना नीट समजावणे हा होय. बालकाला लस मिळाली असता अशा मातेने अंगावर पाजण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि विषाणू शरीरसंबंधातूनही पसरत असल्यामुळे, तिच्या चारित्र्याची चौकशी आरंभण्याऐवजी, पतीने स्वतःचे रक्त त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.