इथेनॉलचा चोथा कोंबडीच्या खाद्यात : स्वस्त, पण पारखून घ्या

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि इथेनॉल कारखाने मक्याकडे वळले. मका महागला, पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. पण त्याच कारखान्यांतून आणखी एक माल बाहेर पडू लागला. मक्यातला स्टार्च आंबवून इथेनॉल काढले की जो चोथा उरतो, तो वाळवून विकतात. त्याचे नाव 'डीडीजीएस'. क्विंटलभर मक्यातून तो साधारण ३० किलो निघतो, आणि आता सोयापेंडीच्या जागी कोंबडीखाद्यात जातो.

याचा चटका सोयाबीनवाल्यालाही बसला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत भाव त्याच्या खाली राहिला. पेंडीला स्वस्त पर्याय आला, हे त्यामागचे एक कारण.

मग हा चोथा वाईट का? तसे नाही. मक्याच्या डीडीजीएसमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस टक्के प्रथिने असतात, स्फुरदही चांगले मिळते. पण स्टार्च निघून गेला की उरलेले सगळे जवळजवळ तिप्पट दाट होते. प्रथिने तिप्पट, तेल तिप्पट, आणि मक्याला बुरशी असेल तर तिचे विषही तिप्पट! पावसात भिजलेला मका कारखान्याने घेतला, तर अफ्लाटॉक्सिन इथेनॉलमध्ये जात नाही, चोथ्यातच राहते. पक्ष्याचे लिव्हर बिघडते, वाढ खुंटते.

दुसरी गोष्ट मांसाची. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात तेलाचे रूप बदलते. कोंबडीचे तसे नाही. ती जे तेल खाते तेच तिच्या चरबीत उतरते. मक्याचे तेल पातळ, म्हणून डीडीजीएस जास्त झाले की चरबी मऊ पडते आणि मांसाला लवकर खवट वास येतो. खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवले तर हे बरेच आवरते. मासळीकुटी जास्त झाली की मांसाला वास येतो, हे तुम्ही जाणताच. त्यातलाच हा प्रकार.

म्हणून प्रमाण सांभाळा. लहान पिलांना पाच टक्क्यांच्या आसपास, पुढे दहापर्यंत ठीक. त्यावर जायचे तर लायसिनचा हिशोब जाणकाराकडून करून घ्यावा. मक्याचा माल सोनेरी पिवळा हवा. काळपट, जळका वास येणारा माल जास्त तापलेला असतो. त्यातले लायसिन पक्ष्याला लागत नाही. मूठ दाबून पाहा, गोळा होत असेल तर ओल आहे. असा माल घेऊ नका.

करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांची अडचण निराळी. खाद्य कंपनीचे, पण वजन कमी भरले तर मोबदला तुमचा कापला जातो. तेव्हा प्रत्येक लॉटमधले किलोभर खाद्य तारीख घालून कोरड्या डब्यात ठेवा. बॅच बिघडली तर हाच तुमचा पुरावा. पशुधन विकास अधिकारी व ग्रामसेवकांनीही खाद्याचे नमुने तपासायला कुठे पाठवायचे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. एवढे झाले तरी पुष्कळांचे नुकसान टळेल.